जड ई-सायकल, हलके ब्रेक: वाचकांचे प्रश्न

या अंकात ब्रेकचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. बहुतेक पत्रांतली सायकल एकाच जातीची आहे. साधी सायकल घेतली, मोटरचं किट बसवलं, बॅटरी चढवली, कॅरिअरवर माल लादला. ब्रेक मात्र कंपनीतून आले तेच राहिले.

प्रश्न: २६ इंची गिअरच्या सायकलला मागच्या चाकात हब मोटर बसवली आहे. दोन्ही बाजूंना वीस-वीस लिटरचे दुधाचे कॅन अडकवून रोज यवतेश्वरच्या घाटातून साताऱ्यात उतरतो. पुढे-मागे वायरवर चालणारे डिस्क ब्रेक आहेत, प्लेट १६० मिमीची. वरती ब्रेक चांगले लागतात. खाली येईपर्यंत लिव्हर हँडलला टेकायला लागतो. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक घ्यावेत का? (सातारा)

उत्तर: घ्या, पण सगळ्यात शेवटी. आधी हिशेब पाहू. सायकल, मोटर आणि बॅटरी मिळून ३२ किलो, तुमचं वजन ७० धरू, दूध आणि कॅन ४८. झाले १५० किलो. ताशी २५ किमी वेगातली ही गाडी एकदा थांबवायची तर सुमारे ३,६०० ज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये जिरते. तीच गाडी ३०० मीटर खाली उतरवली तर ४,४०,००० ज्यूलचा मामला होतो. यातला पाव हिस्सा किंवा थोडा जास्त हवा आणि टायर खातात. उरलेलं सगळं दोन पातळ प्लेटा आणि चार पॅड यांच्या वाट्याला येतं. सपाट रस्त्यावर लागोपाठ नव्वदेक वेळा गाडी थांबवली तर होईल तेवढं हे काम. आठ टक्के उतारावर २५ च्या वेगाने ब्रेक धरून उतरताना दोन्ही ब्रेक मिळून सतत सहाशे वॅट उष्णता बाहेर टाकत असतात. कपड्यांची लहान इस्त्री चालू ठेवून घाट उतरावा, तसं.

लिव्हर टेकतो तो याचमुळे. पॅड तापले की पकड सुटते. तुम्ही बोटांचा जोर वाढवता. तो जास्तीचा जोर पॅडपर्यंत पोचतच नाही. वायरचं आउटर, म्हणजे तिच्यावरची नळी दबण्यात आणि कॅलिपरचा (पॅड प्लेटवर दाबणाऱ्या भागाचा) हात वाकण्यात जिरतो. म्हणून खर्च पुढच्या क्रमाने करा.

पहिलं आउटर. साध्या ब्रेकच्या आउटरमध्ये स्प्रिंगसारखी गुंडाळलेली पट्टी असते आणि जोर लावला की ती आखडते. मागच्या ब्रेकचं आउटर लांब, म्हणून तिथे तोटा जास्त. न दबणारं, उभ्या तारांचं ब्रेक आउटर वेगळं मिळतं, ते घ्या. दुकानदाराने त्याऐवजी गिअरचं आउटर दिलं तर परत करा. त्यातही तारा उभ्याच असतात, पण त्यांना धरून ठेवणारं वेष्टण नुसतं प्लॅस्टिकचं असतं. ब्रेकच्या जोराने ते फाटून तारा बाहेर येतात आणि त्या क्षणी ब्रेक शून्य. आउटरचं टोक काटकोनात कापा, कानशीने सपाट करा, टोपी बसवा. आतली वायर नवी टाका, १.५ किंवा १.६ मिमीची. एवढ्यानेच लिव्हर कितीतरी कडक होतो.

दुसरं म्हणजे पॅड. स्वस्त सेटबरोबर येणारे रेझिनचे पॅड आवाज करत नाहीत, पण तापले की ढेपाळतात आणि पावसाळ्यातल्या चिखलात भराभर झिजतात. सिंटर्ड, म्हणजे धातूची भुकटी दाबून केलेले पॅड उष्णता सोसतात. थंड असताना थोडे उशिरा पकडतात, ओले झाले की ओरडतात; तुमच्या कामाला तरीही तेच हवेत. मात्र आधी प्लेटवर काय कोरलंय ते वाचा. काही प्लेटांवर फक्त रेझिन पॅड वापरा असं लिहिलेलं असतं. त्यांचा पत्रा मऊ असतो, सिंटर्ड पॅड तो खाऊन टाकतात.

तिसरी प्लेट. १६० ची १८० केली की त्याच बोटांच्या जोराला साडेबारा टक्के जास्त पकड मिळते. २०३ केली तर सत्तावीस टक्के. त्याहून मोठा फायदा असा की पत्रा जास्त असल्याने उष्णता पसरायला जागा मिळते. दूध मागच्या चाकावर लादलेलं असल्यामुळे तुमचं मागचं चाक रिकाम्या सायकलीसारखं चटकन घसरत नाही, म्हणजे मागचा ब्रेकही बरंच काम करू शकतो. तेव्हा १८० दोन्हीकडे टाका. पुढे २०३ टाकण्याआधी फोर्कवर किंवा त्याच्या माहितीपत्रकात कमाल किती मापाची प्लेट चालते ते पाहा. १८० लिहिलं असेल तर १८० लाच थांबा.

मोठ्या प्लेटसाठी कॅलिपरखाली अ‍ॅडॉप्टर लागतो आणि चुकीची खरेदी सर्वाधिक इथेच होते. कॅलिपरचे दोन बोल्ट एकमेकांपासून ७४ मिमीवर असतील आणि फोर्कमध्ये प्लेटच्या समांतर शिरत असतील तर ते पोस्ट माउंट. फोर्कच्या कानांना ५१ मिमीवर आडवी, आरपार भोकं असतील तर आयएस. दुकानात जाताना मोबाइलवर त्या जागेचा फोटो काढून न्या. अ‍ॅडॉप्टरवर पुढचं चाक की मागचं आणि प्लेटचं माप कोणतं, हे छापलेलं असतं. पुढचा १८० चा आयएस अ‍ॅडॉप्टर मागे लावला तर तो १६० चा होतो.

बसवताना प्लेटचे सहा एम-५ बोल्ट टी-२५ पान्याने समोरासमोरचे आळीपाळीने आवळा, ४ ते ६ न्यूटन-मीटर, आट्यांना निळं लॉक-द्रव लावून. कॅलिपरचे एम-६ बोल्ट ६ ते ८ न्यूटन-मीटर. टॉर्क पाना नसेल तर तो असलेल्या मेकॅनिककडे जा. हब मोटरचं झाकण अ‍ॅल्युमिनियमचं असतं. आटे गेले की झाकणच बदलावं लागतं.

तुमच्या कॅलिपरमध्ये बहुधा बाहेरचाच पॅड हलतो आणि आतला स्थिर असतो. आतला पॅड मागच्या स्क्रूने प्लेटच्या अगदी जवळ आणा, कागद सरकेल एवढी फट ठेवा. मग बाहेरचा. पॅड झिजले की पुन्हा हेच करायचं, आतल्यापासून. बहुतेक जण नुसती वायर ताणत जातात आणि घोटाळा तिथे होतो. लिव्हर सोडलेला असताना कॅलिपरचा हात पूर्ण मागे टेकलेला हवा. तो आधीच अर्धा फिरलेला असेल तर उरलेल्या अर्ध्या फेऱ्यात पॅड दाबण्याआधीच त्याची हद्द संपते.

नवे पॅड आणि प्लेट लगेच घाटात नेऊ नका. मोकळ्या सपाट रस्त्यावर ताशी २० किमी वेगातून चालण्याच्या वेगापर्यंत, चाक न अडकवता, प्रत्येक ब्रेकने वीसेक वेळा आणा. पॅडचा पातळ थर प्लेटवर बसतो, त्यानंतरच पूर्ण पकड येते.

एवढं करूनही खाली आल्यावर हात दुखत असेल तर हायड्रॉलिक. चार पिस्टनचा सेट घ्या. एकच परवडत असेल तर पुढे लावा.

उतरताना ब्रेक हलके धरून ठेवू नका. घट्ट दाबून २० वरून १२ वर आणा, पूर्ण सोडा, प्लेटला वारा लागू द्या, पुन्हा दाबा. पहिल्या वळणापासूनच वेग कमी ठेवा; पंचविशीत गेलेली गाडी तापलेल्या ब्रेकने पंधरावर आणणं अवघड जातं. प्लेटची जाडी महिन्यातून एकदा मोजा. नवी १.८ मिमी असते, १.५ ला बाद. व्हर्नियरचे जबडे न झिजलेल्या काठावर टेकले तर माप खोटं येतं. जबड्यांची टोकं झिजलेल्या पट्ट्यात नेऊन मोजा.

प्रश्न: पाव पोचवायची काळी २८ इंची सायकल आहे. पुढच्या चाकात हब मोटर, ब्रेक जुने सळईचे. पावसात ते लागतच नाहीत. वेल्डिंगवाला फोर्कला पट्टी मारून डिस्क बसवून देतो म्हणतो. करावं का? (म्हापसा)

उत्तर: नको. क्रोम चढवलेल्या लोखंडी रिमवर पाण्याचा थर बसला की रबर त्यावरून नुसतं सरकतं. चाकाचे काही फेरे होऊन पाणी पुसलं जाईपर्यंत पकड येत नाही आणि धो-धो पावसात ते पुसलंच जात नाही. हा दोष रिमच्या धातूचा आहे, सळया कितीही आवळल्या तरी जाणार नाही. रबराऐवजी चामड्याचा तोंडवळा असलेले गुटके मिळाले तर ओल्यात थोडा फरक पडतो, पण थोडाच.

वेल्डिंगला नाही म्हणण्याचं कारण आकड्यांत सांगतो. पावाची टोपली धरून सायकल-स्वार १२० किलो. जोरात ब्रेक मारला आणि सत्तर टक्के काम पुढच्या चाकाने केलं, तर १६० मिमीच्या प्लेटवर कॅलिपरला साधारण दोनशे किलोचा धक्का बसतो. तो सगळा फोर्कच्या एकट्या डाव्या पायात जातो. जुन्या फोर्कचा पाय खाली निमुळता, पातळ नळीचा. तिथे कधी असा जोर येईल हे बनवणाऱ्याने धरलेलं नाही. वर वेल्डिंगने नळी तापून बाजूचं लोखंड ठिसूळ होतं. भेग पट्टीच्या कडेला, रंगाखाली सुरू होते आणि दिसत नाही. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. कॅलिपर फोर्कच्या मागे असला की ब्रेक मारताना आस खालच्या दिशेने, म्हणजे खाचेतून बाहेर ढकलली जाते. सळईच्या ब्रेकमध्ये हा प्रकार नसतो.

आमचा सल्ला असा: मोटर मागच्या चाकात न्या आणि पुढे ड्रम ब्रेकचा हब घाला, मिळाला तर ९० मिमी ड्रमचा, नाहीतर ७० चा. ड्रम बंद असतो, पावसाशी त्याचं देणंघेणं नाही. त्याचा प्रतिक्रिया-हात, म्हणजे ब्रेकला आसेभोवती फिरू न देणारी दांडी, पट्ट्याने फोर्कच्या पायाला बांधतात, त्यामुळे जोर एका बिंदूवर न येता पसरतो. तो पट्टा सैल राहिला तर पहिल्याच ब्रेकला आस फिरते, म्हणून बोल्ट दर आठवड्याला पाहा. हबला ३६ भोकं हवीत आणि तारा एकमेकींना छेदून भरलेल्या हव्यात. सरळ भरलेल्या तारा ब्रेकचा पीळ सोसत नाहीत. लांब घाटात ड्रम तापून ढिला पडतो, पण गावातल्या चढउतारांना तो पुरतो. मागचा सळईचा ब्रेक जोडीला ठेवा. पोदेराची, म्हणजे पाववाल्याची सायकल दर दहा घरांना थांबते. तिला जोरदार ब्रेकपेक्षा दर वेळी सारखा लागणारा ब्रेक जास्त उपयोगी.

मोटर पुढेच ठेवायची असेल तर कारखान्यातून डिस्कचे कान घेऊन आलेला पोलादी फोर्क शोधावा लागेल. तुमच्या फोर्कचा वरचा दांडा एक इंची, आट्यांचा आहे आणि त्या मापाचा डिस्क फोर्क सहज मिळत नाही.

प्रश्न: हायड्रॉलिक सेट ऑनलाइन मागवून बसवला. दोन तक्रारी आहेत. पुढचा ब्रेक डाव्या हाताला आला आणि ब्रेक दाबला तरी मोटर क्षणभर ढकलत राहते. (नागपूर)

उत्तर: दुसरी तक्रार आधी, कारण ती धोक्याची आहे. जुन्या लिव्हरमध्ये मोटर तोडणारा स्विच होता, नव्यात तो नाही. पायडलच्या सेन्सरवर चालणारी मोटर पाय थांबल्यावरही अर्धा-एक सेकंद जोर देत राहते. ताशी २५ किमी वेगात एक सेकंद म्हणजे सात मीटर.

हायड्रॉलिक लिव्हरवर चिकटवायचा चुंबकी सेन्सर मिळतो. दोन घ्या. दोन तारांचा असेल तर तो साधा स्विच. लिव्हर दाबल्यावर मल्टिमीटरवर जोड लागला पाहिजे. तीन तारांचा असेल तर पाच व्होल्ट, ग्राउंड आणि सिग्नल असतात. तुमच्या कंट्रोलरला (मोटरला वीज सोडणाऱ्या पेटीला) कोणता लागतो ते जुन्या लिव्हरच्या तारा मोजून ठरवा. दोन्ही लिव्हरचे सेन्सर समांतर जोडा. काही कंट्रोलरना ब्रेकसाठी दोन वेगळ्या तारा असतात, एक ग्राउंडला जोडायची आणि एक ब्रेक-दिव्याच्या व्होल्टेजची. चुकून वरचा व्होल्टेज खालच्या तारेवर दिला तर कंट्रोलर जळतो. चुंबक हलत्या लिव्हरवर, सेन्सर स्थिर भागावर, मध्ये दोन-तीन मिलिमीटर. आधी चिकटपट्टीने बसवून तपासा, मग इपॉक्सी. चाचणी अशी: मागचं चाक उचला, थ्रॉटल द्या, लिव्हर हळूहळू दाबा. पॅड प्लेटला लागण्याआधी मोटर तुटली पाहिजे. नंतर तुटत असेल तर चुंबक सरकवा.

डाव्या-उजव्याचं कारण सोपं आहे. बाहेरचे बरेच सेट डावा लिव्हर पुढचा धरून भरलेले असतात. आपल्याकडे उजवा पुढचा. हात दुचाकीला सरावलेला असताना हा उलटा ब्रेक आणीबाणीत दगा देतो, बदलून घ्या. लिव्हर दोन्ही हातांना चालणारे असतील तर नुसती अदलाबदल करून भागतं. नसतील तर नळ्या लिव्हरपासून सोडून पुन्हा जोडाव्या लागतात: ८ मिमीचा पाना, नळीच्या तोंडात नवी सुई, नळीवर नवी पितळी मणी. जुनी मणी एकदा दबली की पुन्हा वापरू नका, तिथून तेल झिरपतं. नंतर हवा काढायची.

तेल कोणतं ते लिव्हरच्या झाकणावर लिहिलेलं असतं. मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये मोटरसायकलचं डॉट द्रव ओतलं की आतले रबर फुगतात आणि सेट फेकावा लागतो. उलट केलं तरी हेच. आणि चाक काढलेलं असताना लिव्हर दाबू नका. पिस्टन बाहेर येतात. वाहतुकीत पॅडच्या मध्ये प्लॅस्टिकची चकती ठेवा.

प्रश्न: डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे आत गिअर नसलेली हब मोटर आहे, ब्रेक दाबला की बॅटरी चार्ज होते. पाचगणीहून पसरणी घाटाने वाईला उतरताना हा मोटरचा ब्रेक कधी लागतो, कधी लागत नाही. असं का? (पाचगणी)

उत्तर: तुम्ही पूर्ण चार्ज करून वरून निघत असाल. भरलेल्या बॅटरीत आणखी वीज घालायला जागा नसते. १३ सेलच्या ४८ व्होल्ट बॅटरीचा व्होल्टेज ५४.६ ला टेकला की कंट्रोलर किंवा बॅटरीतलं संरक्षक सर्किट चार्जिंग तोडतं, त्याबरोबर मोटरचा ब्रेकही जातो, तोही घाटाच्या पहिल्या वळणावर. वरून निघताना बॅटरी ८० ते ८५ टक्क्यांवर ठेवा.

मोटरचा ब्रेक उतारावर वेग रोखायला उत्तम आहे, कारण उष्णता प्लेटमध्ये जात नाही. गाडी थांबवायला त्याच्या भरवशावर राहू नका. वेग उतरला की त्याचा जोरही उतरतो. आसेकडे नीट लक्ष द्या. मोटर चालवताना आस एका दिशेला पिळते, ब्रेक लागताना उलट्या. या हेलकाव्याने नट सैल होतात आणि आसेच्या चपट्या बाजू खाच मोठी करत जातात. टॉर्क-आर्म, म्हणजे आस फिरू न देणारी पट्टी, दोन्ही बाजूंना लावा आणि नट दर आठवड्याला पान्याने पाहा. गिअरच्या हब मोटरमध्ये आत फ्रीव्हील असतं, त्यामुळे हा प्रकार तिथे होत नाही. मधल्या पायडलपाशी बसणाऱ्या मोटरलाही नाही.

प्रश्न: पावसाने डिस्क करकरत होती म्हणून गंज काढायचा स्प्रे मारला. आवाज गेला, ब्रेकही गेला. (रत्नागिरी)

उत्तर: पॅड फेका. तेल त्यांच्यात मुरलं आहे. पॉलिश पेपरने घासून किंवा गॅसवर भाजून दोन दिवस बरे वाटतील, तापले की तेल परत वर येईल. प्लेट आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ कापड बदलत पुसा, पेट्रोलने नको, ते मागे थर ठेवतं. मग नवे पॅड, आणि पहिल्या उत्तरात सांगितलं तसं सपाट रस्त्यावर वीसेक वेळा ब्रेक मारून त्यांची पकड बसवून घ्या. चेनला तेल देताना प्लेटवर पिशवी घाला. ओल्या प्लेटची करकर दोन-चार ब्रेकनंतर आपोआप जाते, तिला औषध नाही.

प्रश्न: मोठा ब्रेक बसवायला आरटीओची परवानगी लागते का? (ठाणे)

उत्तर: मोटर २५० वॅटच्या आतली आणि वेग ताशी २५ किमीच्या आत असेल तर तुमची सायकल नोंदणीच्या नियमांत येत नाही, ब्रेक बदलायला कोणाला विचारावं लागत नाही. ५०० किंवा १,००० वॅटचं किट लावलं असेल तर मुद्दा ब्रेकचा उरत नाही. ती गाडी या सवलतीतच बसत नाही.

प्रश्न: हब मोटरवर डिस्क प्लेट लावली, पण कॅलिपर मोटरच्या झाकणाला घासतो. (कोल्हापूर)

उत्तर: मोटरचं पोट फुगीर असतं, १६० च्या प्लेटवर कॅलिपर नेमका तिथे येतो. १८० ची प्लेट घातली की कॅलिपर दहा मिलिमीटर बाहेर सरकतो आणि बहुतेक वेळा काम होतं. तरी घासत असेल तर प्लेटखाली एक मिलिमीटरची सहा भोकांची चकती घाला, फार तर दोन. चकती घातली की तेवढेच लांब बोल्ट लागतात. किमान पाच मिलिमीटर आटे आत गेले पाहिजेत. मात्र काही मोटरच्या झाकणांत ही भोकं आरपार असतात. जास्त लांब बोल्ट आत वायंडिंगला लागून मोटर जळते. म्हणून बोल्ट घालण्याआधी काडी घालून भोकाची खोली मोजा.